घराखालची जमीन

बॉस्टनच्या मध्यवस्तीतून निघालेली सिल्व्हर लाइनची बस वॉशिंग्टन स्ट्रीटने दक्षिणेला जाते, साउथ एंडमधली विटांची जुनी आणि आता अतोनात महाग झालेली घरे मागे टाकते आणि न्यूबियन स्टेशनवर थांबते. हा रॉक्सबरी भाग, बॉस्टनमधल्या कृष्णवर्णीयांच्या सार्वजनिक जीवनाचे केंद्र. २०१९ च्या डिसेंबरपर्यंत या चौकाला डडली स्क्वेअर म्हणत. वसाहतकाळातल्या डडली या गव्हर्नराचे नाव रहिवाशांच्या आग्रहावरून बदलले गेले. रस्त्याचे नाव मात्र अजून डडली स्ट्रीटच आहे. या रस्त्याने पूर्वेकडे चालत गेले की प्रवासी पुस्तकांत जिला जागा मिळत नाही अशी एक वस्ती लागते. दोन-तीन मजली लाकडी घरे, त्यांच्यापुढे हातभर अंगण, कानावर पडणाऱ्या बोलण्यात इंग्रजीबरोबर स्पॅनिश आणि केप व्हर्डची क्रिओल, ब्लू हिल अ‍ॅव्हेन्यू जिथे मिळतो तिथे एक छोटे सार्वजनिक मैदान, आणि थोडे आत गेल्यावर काचेचे एक मोठे हरितगृह. पाहणाऱ्याला यात नवल वाटण्यासारखे काही नाही. नवल आहे ते मालकीत. इथल्या सव्वादोनशेच्या आसपास घरांपैकी काही कुटुंबांच्या मालकीची आहेत, काही सहकारी, काही भाड्याची. पण या सगळ्या घरांखालची जमीन वस्तीने स्वतः उभ्या केलेल्या एका ट्रस्टची आहे, आणि तो ट्रस्ट ती कधीही विकणार नाही. ही वस्ती, तिच्या उत्तरेकडचे व्हरमाँट राज्य आणि दक्षिणेकडची जॉर्जियातली शेतजमीन असा एक पल्ला मनाशी धरून फिरले की एक गोष्ट पटत जाते. वस्तीच्या विकासाचा पहिला प्रश्न निधीचा नाही, आराखड्याचाही नाही; तो जमिनीचा आहे, आणि घर व भाजीपाला या दोन्ही गोष्टी शेवटी त्याच एका प्रश्नापाशी येऊन अडतात.

चाळीस वर्षांपूर्वी याच रस्त्याच्या आजूबाजूला सुमारे १३०० प्लॉट पडीक होते. वस्तीची जवळजवळ एक तृतीयांश जमीन ओस. ही अवस्था आपोआप आली नव्हती, तिच्यामागे धोरण होते. १९३० च्या दशकात होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन या सरकारी संस्थेने शहरांचे नकाशे रंगवले आणि रॉक्सबरीसारख्या भागांवर लाल रंग चढवला. इथे कर्ज देणे धोक्याचे, असा त्याचा अर्थ. बँकांनी तो पाळला. कर्ज नाही म्हणून दुरुस्ती नाही, दुरुस्ती नाही म्हणून भाडेकरू नाहीत, आणि मग विम्याच्या पैशासाठी घरांना आगी लावण्याचे प्रकार सुरू झाले. जळालेल्या घरांच्या जागी बाहेरचे ट्रक रात्री कचरा ओतून जाऊ लागले, बेकायदा कचराकेंद्रे उभी राहिली. १९८४ मध्ये एका धर्मादाय प्रतिष्ठानाच्या पुढाकाराने डडली स्ट्रीट नेबरहूड इनिशिएटिव्ह ही संस्था आकाराला आली. १९८५ च्या सुरुवातीला सेंट पॅट्रिक चर्चमध्ये तिची योजना लोकांपुढे मांडली गेली, तेव्हा नियोजित कार्यकारिणीत संस्थांचे प्रतिनिधी भरपूर आणि प्रत्यक्ष रहिवासी मोजकेच होते. रहिवाशांनी तिथेच हरकत घेतली. प्रतिष्ठानाने ती मानली, हे त्याच्या श्रेयाचे. नव्या रचनेत बहुमत रहिवाशांचे झाले, आणि कृष्णवर्णीय, केप व्हर्डियन, लॅटिनो व गोरे या चारही समाजांना, त्यांची संख्या कमी-जास्त असली तरी, समान जागा मिळाल्या. या सभेला मी या साऱ्या कहाणीतला सर्वांत महत्त्वाचा प्रसंग मानतो. पुढे जमीन हाती आली तेव्हा ती कोणाच्या हाती आली, याचे उत्तर त्या दिवशीच ठरले होते. १९८६ मध्ये संस्थेने पहिली मोहीम काढली ती घरबांधणीची नव्हती, कचरा हटवण्याची होती. महापौर रे फ्लिन यांना बेकायदा कचराकेंद्रांना टाळे लावावे लागले. लोकांना आपल्या बळाचा अंदाज आला तो यातून.

बॉस्टनला पुनर्विकासाचा एक जुना आणि वाईट अनुभव होता. १९५८ पासून महापालिकेने वेस्ट एंड ही इटालियन, ज्यू आणि इतर स्थलांतरितांची दाट वस्ती सरसकट पाडली. सुमारे २७०० कुटुंबे उठवली गेली आणि जागेवर श्रीमंतांसाठी टॉवर उभे राहिले. समाजशास्त्रज्ञ हर्बर्ट गॅन्स त्या पाडापाडीच्या आधी तिथे राहून अभ्यास करत होते. ज्याला नगररचनाकार झोपडपट्टी म्हणत होते ती घट्ट नात्यांची, चालती-बोलती वस्ती होती, हे त्यांनी १९६२ च्या पुस्तकात दाखवून दिले. वेस्ट एंड पाडायला जो कायदेशीर अधिकार वापरला गेला तो म्हणजे सार्वजनिक हितासाठी सक्तीने जमीन संपादन करण्याचा. डडली स्ट्रीटच्या लोकांनी नेमका तोच अधिकार स्वतःसाठी मागितला. त्यांच्यापुढची अडचण अशी होती की पडीक प्लॉट कुठे महापालिकेचे, कुठे कर थकवून परागंदा झालेल्या मालकांचे, असे विखुरलेले होते. एक प्लॉट विकत घ्यावा तर शेजारचा भाव वाढण्याची वाट पाहत बसतो. १९८८ मध्ये बॉस्टन पुनर्विकास प्राधिकरणाने सुमारे ६० एकरांच्या डडली त्रिकोणातल्या मोकळ्या जमिनींपुरता हा अधिकार रहिवाशांच्या संस्थेला दिला. अमेरिकेत रहिवाशांच्या बिगरसरकारी संघटनेला असा अधिकार मिळण्याची ती पहिली वेळ. फोर्ड फाउंडेशनने जमिनीचा मोबदला देण्यासाठी २० लाख डॉलरचे कर्ज दिले. खासगी मालमत्तेवर हा घाला नाही का, असा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि तो फेटाळून लावण्यासारखा नाही. पण संपादन फक्त ओस जमिनीचे होते, राहते घर एकाचेही गेले नाही आणि मोबदला बाजारभावाने दिला गेला. वेस्ट एंडमध्ये राहणाऱ्यांना उठवून जमीन गुंतवणूकदारांना मिळाली, डडलीमध्ये गैरहजर मालकांकडून घेऊन ती राहणाऱ्यांना मिळाली. कायदा एकच होता. तो कोणाच्या हाती गेला यावर सारे अवलंबून राहिले.

मिळालेली जमीन संस्थेने डडली नेबर्स या ट्रस्टच्या नावे केली. या रचनेला अमेरिकेत कम्युनिटी लँड ट्रस्ट म्हणतात. तिचे काम असे चालते. कुटुंब घर विकत घेते, पण केवळ घर; खालच्या जमिनीचा ९९ वर्षांचा भाडेपट्टा ट्रस्ट नाममात्र भाड्याने करून देतो. जमिनीची किंमत वजा झाल्यामुळे आणि घर बांधताना सार्वजनिक मदत मिळाल्यामुळे ते घर सफाई कामगाराला, परिचारिकेला, बसचालकाला परवडते. घर मुलांना वारसाने देता येते, त्यात हवी ती दुरुस्ती करता येते, मनमानीने कोणी उठवू शकत नाही. मुख्य अट अशी आहे. विकायचे झाले तर भाडेपट्ट्यात ठरवून दिलेल्या सूत्रानेच किंमत लावायची आणि पुन्हा तशाच उत्पन्नाच्या कुटुंबाला विकायचे. या अटीचे मोल सुरुवातीला कळत नाही, कारण ओसाड वस्तीत जमिनीला भावच नसतो. ते कळते वस्ती सुधारल्यावर. कचरा गेला, दिवे लागले, शाळा बरी झाली, मैदान झाले की जमिनीचे भाव चढतात, आणि ज्यांनी वीस वर्षे सभा घेऊन, मोर्चे काढून हे सगळे घडवून आणले त्यांनाच तिथे राहणे परवडेनासे होते. सुधारणेचा लाभ जमिनीच्या किमतीत मुरतो आणि जमीन ज्याची त्याच्या खिशात जातो. मोठ्या शहरांतल्या बहुतेक वस्तीसुधार योजना इथेच फसतात. योजना यशस्वी होते आणि तिच्या यशानेच वस्ती हरते. न्यूबियन चौकात पालिकेची नवी इमारत २०१५ मध्ये उभी राहिली, आसपास घरभाडी वाढत गेली. पण ट्रस्टच्या जमिनीवरच्या घरांना त्या वाढीची झळ लागली नाही.

या रचनेवरचा सर्वांत वजनदार आक्षेप कृष्णवर्णीय समाजातूनच येतो. सामान्य अमेरिकन कुटुंबाची आयुष्यभराची बचत म्हणजे त्याचे घर. गोऱ्या मध्यमवर्गाने दोन पिढ्या घरांच्या वाढत्या किमतींवर मुलांची शिक्षणे केली, म्हातारपण काढले. लाल नकाशांमुळे कृष्णवर्णीयांना ही संधी नाकारली गेली. आणि आता घर घ्यायची पाळी आली तेव्हा त्यांनाच सांगायचे की किमतीतली वाढ तुम्हाला पूर्ण मिळणार नाही? हा अन्याय दुसऱ्या दाराने आत येत नाही का? मी या आक्षेपाला हलके लेखत नाही. पण त्यात एक गृहीत दडलेले आहे, की ट्रस्टचे घर न घेणाऱ्या कुटुंबाला खुल्या बाजारात घर मिळतेच. वस्तुस्थिती अशी की त्यातली बहुतेक कुटुंबे भाड्यानेच राहतात आणि भाडेकरूच्या हाती वाढीतला वाटा शून्य येतो. ज्यांनी २००० नंतरच्या दशकात कसेबसे खुल्या बाजारात घर घेतले त्यांच्या गळ्यात चढ्या आणि फसव्या व्याजाची कर्जे मारली गेली. बाजार कोसळला तेव्हा सर्वांत आधी त्यांची घरे जप्त झाली. २०१० च्या अखेरीस केलेल्या देशव्यापी पाहणीत जप्तीची कारवाई चालू असलेल्या कर्जांचे प्रमाण सर्वसाधारण बाजारात ४.६३ टक्के होते, लँड ट्रस्टच्या घरांत ते होते ०.४६ टक्के. दहा पटींचा हा फरक, आणि तोही तुलनेने गरीब कर्जदारांच्या बाजूने. कारण साधे आहे. ट्रस्ट घर विकून बाजूला होत नाही. कर्जाची कागदपत्रे आधी तपासतो, हप्ता थकला की बँकेच्या आधी दारात येतो. संपत्तीच्या वाढीचा वेग कमी, पण ती हातातून निसटण्याचा धोकाही कमी. गरीब माणसाच्या बाबतीत मला यातली दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते.

आता भाजीपाल्याकडे वळतो, कारण डडलीचे वेगळेपण तिथेही आहे. ब्रूक अ‍ॅव्हेन्यूवरचे हरितगृह १०,००० चौरस फुटांचे आहे. त्या जागी पूर्वी मोटारींचे गॅरेज होते. ट्रस्टच्या जमिनीवर २००४ मध्ये उभारलेल्या या हरितगृहाची व्यवस्था आता फूड प्रोजेक्ट ही संस्था पाहते. तिचा जन्म १९९१ चा, बॉस्टनबाहेरच्या लिंकन या सधन गावातला. उपनगरातली आणि शहरातली मुले एकत्र शेतात राबावीत आणि त्यांना कामाचा मोबदला मिळावा, ही मूळ कल्पना. हरितगृहाच्या एका भागात आसपासची कुटुंबे आणि संस्था आपापले वाफे करतात, दुसऱ्या भागात विक्रीसाठी पीक घेतले जाते. बॉस्टनचा लांब हिवाळा जमीन गोठवतो, म्हणून काचेखालचा एक वाफा इथे किती कामाचा आहे हे आपल्याकडच्या माणसाला लवकर लक्षात येत नाही. उघड्यावरची शेतीही आहे, पाडलेल्या घरांच्या जागांवर. त्या मातीत शिसे आहे. जुन्या घरांचा शिसेयुक्त रंग आणि शिसेयुक्त पेट्रोलचा धूर पिढ्यान्‌पिढ्या तिच्यात उतरला आहे, आणि शिसे लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. त्यामुळे अंगणातल्या मातीत सरळ बी टाकता येत नाही. लाकडाच्या चौकटी करून, त्यांत बाहेरून आणलेली स्वच्छ माती आणि कंपोस्ट भरून उंच गादीवाफे करावे लागतात. फूड प्रोजेक्टच्या मुलांनी वस्तीतल्या घरोघरी असे वाफे बांधून दिले. केप व्हर्डच्या बेटांवर मका आणि घेवड्याचे दाणे शिजवून काचुपा करतात. दुष्काळाने ज्यांना बेटे सोडायला लावली त्या लोकांच्या वंशजांना परसात चार ताटे मक्याची लावता येणे ही हौसेपुरती गोष्ट नव्हे.

तरीही शेतीवरचा आक्षेप रास्त आहे. दोन एकर शेत आणि एक हरितगृह मिळून शहराला काय खाऊ घालणार? धान्य, डाळी, तेल हे मोठ्या शेतांवरूनच यायचे, आणि घरांची इतकी टंचाई असताना शहरातली मोलाची जमीन मुळ्या-टोमॅटोला का द्यायची? पोटाला लागणाऱ्या उष्मांकांचा हिशेब मांडला तर हा आक्षेप जिंकतो. शहरी शेतीचे समर्थक तो हिशेब टाळतात, हे त्यांचे चुकते. पण वस्तीला तिथून मिळते ते वेगळे. ताजी पालेभाजी, किशोरवयीन मुलांना पहिली कमाई, विषारी माती झाकली जाणे, आणि वेगवेगळ्या भाषांच्या शेजाऱ्यांना एकत्र आणणारे नित्याचे काम. शिवाय घर की शेत, हा निर्णय कोणी घ्यायचा हा खरा मुद्दा आहे. बाजारावर सोडले तर शेत नेहमीच हरते. न्यूयॉर्कमध्ये रहिवाशांनी वर्षानुवर्षे कचरा उपसून महापालिकेच्या पडीक जागांवर बागा फुलवल्या. १९९९ मध्ये महापौर जुलियानी यांच्या प्रशासनाने त्यांतल्या ११४ बागा लिलावात काढल्या. अखेरच्या घटकेला अभिनेत्री बेट मिडलर यांची संस्था आणि ट्रस्ट फॉर पब्लिक लँड यांनी पैसे उभे केले म्हणून त्या वाचल्या. लॉस एंजेलिसच्या साउथ सेंट्रल फार्मला असा वाली मिळाला नाही. १४ एकरांवर सुमारे ३५० कुटुंबे, बहुतेक लॅटिन अमेरिकेतून आलेली, मका-निवडुंग-भोपळा पिकवत होती. जमीन पुन्हा खासगी मालकाकडे गेली आणि जून २००६ मध्ये पोलीस बंदोबस्तात ते शेत बुलडोझरखाली गेले. लोकांची मेहनत, एकजूट, शेतीचे ज्ञान यांत दोन्ही ठिकाणी काही कमी नव्हते. सातबारा त्यांच्या नावे नव्हता, एवढेच. बॉस्टनने २०१३ मध्ये नगररचनेच्या नियमांत शहरी शेतीसाठी स्वतंत्र कलम आणले, त्याने परवानगीचा प्रश्न सुटला. पण परवानगी म्हणजे हक्क नव्हे. डडलीच्या जमिनीवर कुठे घर आणि कुठे वाफा याचा वाद होतो तेव्हा तो रहिवाशांच्या सभेत होतो आणि तिथेच मिटतो. मला हीच व्यवस्था योग्य वाटते.

एका वस्तीचे यश पाहून भाळू नये, कारण तिथे माणसे चांगली जमली असतील, नशीब साथीला असेल. म्हणून उत्तरेचा रस्ता धरावा. बॉस्टनहून न्यू हॅम्पशर ओलांडून सुमारे ३५० किलोमीटरवर, शॅम्प्लेन सरोवराच्या काठी बर्लिंग्टन आहे. वस्ती जेमतेम ४५,०००, तरी व्हरमाँटमधले हे सर्वांत मोठे शहर. १९८१ ते १९८९ बर्नी सँडर्स इथे महापौर होते. १९८४ मध्ये त्यांच्या पालिकेने दोन लाख डॉलर देऊन लँड ट्रस्ट सुरू करून दिला. इथे पडीक जमिनीची समस्या नव्हती, उलट सरोवराच्या काठामुळे भाव वाढण्याची भीती होती. २००६ मध्ये शेजारच्या संस्थेत विलीन होऊन शॅम्प्लेन हाउसिंग ट्रस्ट झालेली ही संस्था आज अमेरिकेतली सर्वांत मोठी लँड ट्रस्ट आहे. तिच्याकडे मालकीची सहाशेहून अधिक आणि भाड्याची त्याच्या कितीतरी पट घरे आहेत. विक्रीचे सूत्र इथे स्वच्छ आहे. घर विकणाऱ्याला त्याने भरलेले पैसे परत मिळतात आणि शिवाय किमतीतल्या वाढीचा २५ टक्के वाटा. उरलेली वाढ पुढच्या कुटुंबासाठी घरातच राहते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सविस्तर मूल्यमापनात दिसले की घर विकून गेलेल्यांपैकी बहुसंख्य कुटुंबांनी पुढचे घर खुल्या बाजारात घेतले. वर ज्या संपत्तीच्या आक्षेपाची चर्चा केली त्याला यापेक्षा चांगले उत्तर मला ठाऊक नाही. एकदा घातलेली सार्वजनिक मदत दुसऱ्या-तिसऱ्या कुटुंबालाही उपयोगी पडते, आणि पहिले कुटुंबही रिकाम्या हाताने जात नाही.

बर्लिंग्टनच्या कुशीतच विनूस्की नदीचा सखल गाळपेराचा पट्टा आहे, इंटरव्हेल. मूळच्या अबेनाकी लोकांची शेती इथे होती. विसाव्या शतकात तिथे भंगार मोटारी आणि कचरा साचला. १९८८ पासून इंटरव्हेल सेंटरने सुमारे ३५० एकर जमीन साफ केली आणि नव्या शेतकऱ्यांना छोटे तुकडे, अवजारे, शीतगृह भाड्याने देऊन उभे केले. एक संकट मात्र कायम आहे. २०११ मध्ये आयरीन वादळात आणि पुन्हा जुलै २०२३ मध्ये नदीने ही शेते बुडवली. पुराचे पाणी लागलेली भाजी केंद्रीय नियमांनुसार विकता येत नाही, त्यामुळे ऐन हंगामात उभे पीक गेले. हवामान जसजसे बिघडेल तसे हे वारंवार होईल, आणि जमीन समाजाची असली म्हणून नदी ऐकणार नाही. पण पूरपट्ट्यात घरे न बांधता शेती ठेवणे हाच शहाणपणा, हे त्या पुरांनीच दाखवले. शेत दुसऱ्या वर्षी पुन्हा पेरता येते. व्हरमाँटची सर्वांत महत्त्वाची कामगिरी त्याहून मोठी आहे आणि ती कायद्यात आहे. सहसा परवडणारी घरे मागणारे आणि शेतजमीन वाचवू पाहणारे एकमेकांचे विरोधक असतात. एकाला बांधायचे असते, दुसऱ्याला थांबवायचे असते. व्हरमाँटमध्ये या दोघांनी १९८० च्या दशकात हातमिळवणी केली, कारण सुट्टीतल्या घरांसाठी येणारा बाहेरचा पैसा दोघांचीही जमीन गिळत होता. १९८७ मध्ये राज्याने गृहनिर्माण आणि भूसंवर्धन यांसाठी एकच मंडळ आणि एकच निधी निर्माण केला. मालमत्तेच्या खरेदी-विक्रीवरच्या करातून त्यात पैसा येतो. तोच निधी एकीकडे गावठाणात घरे बांधायला मदत करतो आणि दुसरीकडे शेतकऱ्याकडून बांधकामाचा हक्क विकत घेऊन शेत कायम शेत ठेवतो. जमिनीच्या सट्ट्यातूनच सट्ट्यावरचा उतारा काढण्याची ही रीत मला फार आवडली. आकार लहान आहे, हा नेहमीचा शेरा इथे गैरलागू होतो. सरकारने पाठीशी उभे राहायचे ठरवले तर एक अख्खे राज्य हे करू शकते, व्हरमाँट त्याचा पुरावा आहे.

या कल्पनेचे मूळ शोधायला मात्र दक्षिणेला, जॉर्जियात जावे लागते, आणि तिथून वाट थेट आपल्या दारात येते. १९६० च्या दशकात ऑल्बनी भागात मतदानाच्या हक्कासाठी लढणाऱ्या कृष्णवर्णीय कुळांना गोरे जमीनदार रातोरात घराबाहेर काढत. पायाखाली स्वतःची जमीन नसेल तर मताचा हक्कही टिकत नाही, हे चार्ल्स शेरॉड आणि स्लेटर किंग यांनी ओळखले. रॉबर्ट स्वान हे शांततावादी त्यांना मिळाले. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात जायला नकार देऊन तुरुंगात गेलेल्या स्वान यांच्यावर आणि त्यांचे सहकारी राल्फ बोर्सोडी यांच्यावर विनोबांच्या ग्रामदानाचा प्रभाव होता. गागोद्यात जन्मलेल्या, १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्लीत भूदानाचे पहिले शंभर एकर स्वीकारणाऱ्या विनोबांनी पुढे सगळ्या गावाची जमीन गावाच्या स्वाधीन करण्याचा विचार मांडला होता. तो विचार आणि इस्रायलमधली भाडेपट्ट्याची पद्धत यांच्या मेळातून १९६९ मध्ये न्यू कम्युनिटीज ही पहिली लँड ट्रस्ट जन्मली; ली परगण्यात तिच्याकडे ५७०० एकर जमीन होती. ती टिकली नाही. जमीन कर्जावर घेतलेली, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला लागोपाठ दुष्काळ, आणि गोऱ्या शेतकऱ्यांना सहज मिळणारे आपत्कालीन सरकारी कर्ज या संस्थेला वर्णद्वेषापोटी नाकारलेले. १९८५ मध्ये सगळी जमीन जप्त झाली. पुढे २००९ मध्ये, कृषिखात्याविरुद्धच्या भेदभावाच्या दाव्यात, संस्थेला एक कोटी वीस लाख डॉलर भरपाई मिळाली आणि तिने ऑल्बनीजवळच एक जुनी मळेदारांची मालमत्ता घेतली. पण या पराभवातला धडा इतर ट्रस्टांच्या रचनेत दिसतो. डडली आणि बर्लिंग्टन इथे ट्रस्टने जमीन गहाण पडू न देण्याची काळजी घेतली आणि पालिकेला सुरुवातीपासून सोबत घेतले.

आपल्याकडे ग्रामदान फसले, मग त्याची आठवण कशाला, असे कोणी म्हणेल. भूदानात मिळालेल्या चाळीस लाखांहून अधिक एकरांतली बरीच जमीन वाटलीच गेली नाही, काही खडकाळ होती, काही वादातली. ग्रामदानाचे कितीतरी संकल्प कागदावर राहिले. हे सारे खरे आहे. दान देणारा एका दिवसात देतो, पण जमीन सांभाळणारी रोजची सभा तिथे उभी राहिली नव्हती. डडलीत सभा आधी झाली, जमीन नंतर आली. महाराष्ट्रात याच क्रमाने गेलेले एक गाव आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाने आधी वर्षानुवर्षे ग्रामसभेत सर्वसहमतीने निर्णय घेण्याची सवय लावून घेतली, २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला, २०११ मध्ये आपला बांबू आपण विकण्याचा परवाना घेतला, आणि मग २०१३ मध्ये गावकऱ्यांनी आपापल्या खासगी जमिनी ग्रामसभेच्या नावे करायचे ठरवले. देवाजी तोफा आणि त्यांचे गाव यांना त्यासाठी नवा कायदा मागावा लागला नाही. महाराष्ट्र ग्रामदान अधिनियम १९६४ सालचा आहे आणि तो अजूनही लागू आहे. शहरांच्या कडेला ज्यांच्या गावांची शेते दर हंगामाला प्लॉटिंगच्या खुंट्यांनी भरत आहेत, त्या ग्रामसभांनी हा अधिनियम मागवून एका सभेत वाचावा, आणि शहरांसाठी तसाच कायदा आपल्या आमदारांकडे मागावा.